दादाची बरणी

प्रिय भुंगेश्वरी,

क्षेमकुशल मागाहून, आधी फिर्याद. मागच्या सुट्टीत तू चार दिवस आमच्याकडे राहून गेलीस आणि त्याच सुमारास आमच्या स्वयंपाकघरातली बारीक जाळीची पिठाची चाळणी अंतर्धान पावली. मी फळ्या धुंडाळल्या, ओट्याखाली टॉर्च मारला, शेजारच्या शिंपीणबाईंच्या घरात 'सहज' डोकावून आलो. एकदा तुझ्या वहिनीवरही संशय घेतला, अर्थात मनातल्या मनात. उघड घेण्याइतकं शौर्य लग्नानंतर माझ्यात उरलेलं नाही. मग तुझ्या भाषणाचे कागद आले, त्यांच्यासोबत प्रयोगशाळेतल्या तुझ्या टेबलाचा फोटो आला, आणि आरोपी स्वतःच्या हाताने पुरावा कसा पाठवतो ते मला याचि देही बघायला मिळालं. टेबलावर चवळीची रास, राशीशेजारी माझी चाळणी, आणि चाळणीत तुझे भुंगे, सभेला जमल्यासारखे ऐसपैस! अपहरणावरून युद्धं पेटल्याचे दाखले संस्कृतात ढिगाने आहेत. मी शांत प्रकृतीचा असल्यामुळे फक्त पत्र लिहितो आहे.

'दाण्यांचा भुसा खाली पडतो आणि भुंगे वर राहतात, अगदी नामी चाळणी आहे, धुऊन परत करते' असं तू फोटोमागे लिहिलं आहेस. नको. भुंग्यांनी जिच्यात संसार केले तिच्यातून रविवारच्या पावाचं पीठ चाळणं मला जमणार नाही. मी ती तुला दान केली. 'इदं न मम' म्हणून मोकळा झालो. नवी आणली आहे, पण तिची जाळी जाड. पिठातला खडाही तिच्यातून मान वर करून खाली जातो. रविवारी पाव खाताना दाताखाली कचकन काही आलं की मला तुझी आठवण येते. बहिणीची आठवण येण्याचे याहून हळवे प्रकार असतील, माझ्या वाट्याला हा आला आहे.

बाकी आमचं उत्तम चाललं आहे. इतकं उत्तम, की कुणाला सांगायचा संकोच वाटावा. मी अजून त्याच छापखान्यात आहे आणि औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला, कुणीही न वाचलेला तो पातळ कागद छापण्याआधी वाचणारा जगातला बहुधा एकमेव मनुष्य आहे. एवढं संस्कृत शिकून शेवटी काम काय, तर 'क्वचित मळमळ' हे 'कायम मळमळ' असं छापलं जाऊ नये म्हणून डोळ्यांत तेल घालून बसायचं. मालक मला 'पंडित' म्हणतात आणि त्यात आदर किती नि थट्टा किती हे त्यांनी कधी उघड केलेलं नाही. या धंद्याचा एकच दुष्परिणाम: ज्या रोगाचा कागद सकाळी हातात येतो तो रोग संध्याकाळपर्यंत मला झालेला असतो. गेल्या आठवड्यात संधिवात होता. त्याच्या आधी बाळंतपणानंतरचा अशक्तपणा. तोही मी दोन दिवस सोसला.

तुझ्या वहिनीचं चष्म्याचं दुकान जोरात आहे. आता ती उंच स्टुलावर बसत नाही, पाठीला टेकू असलेली खुर्ची घेतली आहे. दुकानाचं शटर सकाळी मी उघडतो आणि संध्याकाळी मीच ओढतो, मग वाटेत भाजी घेऊन दोघं चालत घरी येतो, जिन्याने नाही, मागच्या उताराच्या वाटेने. आणि मागची छोटी खोली, जिथे माझ्या जुन्या छापील कागदांचे गठ्ठे आढ्याला टेकले होते, ती मी रिकामी करतो आहे. का, ते इथेच विचारू नकोस. पत्र लांब आहे, ओघात येईल.

तुझं भाषण वाचलं. एकदा छापखान्यात, लाल पेन हातात घेऊन, आणि एकदा घरी मोठ्याने. घरी श्रोता एकच होता, तुझी वहिनी. ती बशीत चष्म्यांचे बारीक स्क्रू घेऊन दांड्या घट्ट करत बसली होती. तू म्हणतेस की भाषण साध्या माणसांसाठी आहे, त्यांना समजेल का ते सांग. आम्ही दोघं साधी माणसं. आम्हाला जे समजलं ते सांगतो, चुकलं तर कान पकड.

प्रत्येक जिवाचा नकाशा आईबापांकडून पोरांकडे नकलून जातो आणि नक्कल करताना चुका होतात. बऱ्याच चुका निरुपद्रवी असतात, काही घातक. घातक चुका हळूहळू गाळल्या जातात, इथवर मला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की नराला आणि मादीला चाळणी एकच नसते. तुझ्या चवळीच्या भुंग्यांमध्ये मादी थोडी अधू असली, थोडी मंद असली, तरी तिला जोडीदार मिळतो, ती दाण्यावर अंडी घालते आणि तिचं काम होऊन जातं. नराचं तसं नाही. बरणीत नर भाराभर, माद्या मोजक्या. एखाद्याचा पाय जरा आखूड पडला, वास जरा उशिरा आला, की त्याची पाळी गेली. तो बिचारा आपल्या सगळ्या चुका खिशात घालून वंशाविना जातो. आणि मुलगे नि मुली जवळजवळ एकाच नकाशावरून बांधलेले असल्यामुळे, त्याने जाताना नेलेल्या चुका पुढच्या पिढीतल्या मुलींच्याही नकाशातून पुसल्या जातात. मुलींना धक्काबुक्की न करता स्वच्छ नकाशा मिळतो. म्हणून तू दोन प्रकारच्या बरण्या केल्यास. एका प्रकारात नरांना मोकळं मैदान. दुसऱ्यात एक नर, एक मादी, तूच जमवलेली सोयरीक, कुणालाही नकार नाही. पुष्कळ पिढ्या गेल्यावर पाहिलंस, तर जमवलेल्या घराण्यांत दाण्याच्या आतच मरणाऱ्या अळ्या जास्त निघाल्या. आणि शेवटी तू प्रामाणिकपणे लिहिलंस की हे या भुंग्यांत दिसलं, आणखी काही प्राण्यांत दिसतं, काहींत दिसत नाही. कधी कधी नराला जे सोयीचं तेच मादीला जाचक असतं. तेव्हा यावरून माणसाच्या आयुष्याबद्दल घाईने काही ठरवू नये. हे वाक्य मी लाल पेनाने अधोरेखित केलं आहे आणि आता उरलेल्या पत्रात त्याचं उल्लंघन करणार आहे.

तुझ्या वहिनीचा अभिप्राय आधी नोंदवतो. स्क्रूवरची नजर न काढता ती म्हणाली, "म्हणजे पुरुष ही गाळणी आहे म्हणायची. चला, काहीतरी उपयोग निघाला." मी म्हटलं, गाळणी नव्हे, गाळ. ती म्हणाली, "तुम्ही तपासनीस, शब्द तुमचा धरू." तिला तू ओळखतेसच. मला अजूनही ती दुकानात आलेल्या गिऱ्हाइकासारखं 'तुम्ही' म्हणते आणि घरच्या मांजरासारखं वागवते.

आता माझा अभिप्राय. ठमे, एवढे भुंगे पाळायची तुला गरज नव्हती. हा प्रयोग आपल्या घरात आप्पांनी करून ठेवला आहे. आठव. जेवणं झाली, टेबल पुसलं, की आप्पा डोळे मिटून खुर्चीत बसायचे आणि मी समोर उभा, हात मागे बांधून. शब्दरूपं सुरू. एक चूक झाली की आप्पा डोळे न उघडता म्हणायचे, "पुन्हा. मुळापासून." बस्स, एवढंच. ना आवाज चढायचा, ना हात. पण त्या 'मुळापासून'ने माझ्या पोटऱ्या दुखायच्या. तू आईच्या शेजारी मटार सोलत बसलेली असायचीस. तुला कुणी विचारायचं नाही. तू मध्येच काही चुकीचं बोललीस तर आप्पा म्हणायचे, "असू दे, पोर आहे." मी तुझ्याहून चारच वर्षांनी मोठा, पण 'पोर' हा माझा हुद्दा माझ्याकडून केव्हाच काढून घेतलेला. मग एकदा आप्पांचे ते सहकारी आले होते, जाड भिंगवाले. आप्पांनी मला त्यांच्यापुढे उभं केलं. मी सुरू केलं आणि नेहमीच्या खड्ड्यात नेहमीसारखा अडकलो. आणि मागून, तोंडात मटार कोंबलेले असताना, तू ते अख्खं रूप शेवटपर्यंत म्हणून टाकलंस. एकही चूक नाही. पाहुण्यांनी खिशातलं चॉकलेट काढून तुला दिलं. ते चॉकलेट मी अजून विसरलेलो नाही, त्याच्या वेष्टनाचा रंगही सांगू शकतो.

तर सांगायचं हे, की चुका माझ्या, घसा माझा, पोटऱ्या माझ्या, आणि शुद्ध पाठ तुझा. हे तुझ्या भाषणात घाल. आकडे ऐकून लोकांना झोप येईल, मटाराने जागे राहतील. मात्र यावर तू एकदा मला काय म्हणाली होतीस तेही मला आठवतं. तू म्हणालीस, "दादा, तुला उभं केलं याचं तू जन्मभर भांडवल केलंस. मला कधी उभंच केलं नाही, त्याचं मी काय करू?" जाड जाळीचाही आपला एक अपमान असतो, एवढं आता कळतं.

आता गेल्या वर्षीची गोष्ट. ती तू विसरली नसशील, कारण त्या दिवशी तुझा आवाज तुझ्या इमारतीच्या तिन्ही मजल्यांनी ऐकला. मी तुझी प्रयोगशाळा बघायला आलो होतो. लांबलचक खोली, उबदार कपाटं, कपाटांत ओळीने बरण्या, प्रत्येक बरणीवर पट्टी. तू आणि तुझी मदतनीस दोघी मला सगळं दाखवत होतात. मैदानातल्या बरण्या, जमवलेल्या बरण्या, आणि एका बाजूला छोट्या बरण्यांत एकेकट्या ठेवलेल्या माद्या, ज्यांचा अजून कुणाही नराशी संबंध आलेला नाही, पुढच्या प्रयोगासाठी राखलेल्या. आणि टेबलाच्या कडेला एक काचेची बशी होती. बशीत काही नर, ज्यांची मैदानात डाळ शिजली नव्हती. वयस्क झालेले, दमलेले. तू म्हणालीस, "यांचं काम झालं." आणि तुला फोन आला, म्हणून तू बाहेर गेलीस.

ठमे, त्या बशीत एक नर होता. बाकीचे निमूट पडले होते, हा एकटा बशीच्या कडेवर चढायचा, घसरायचा, पुन्हा चढायचा. मी त्याच्याकडे पाहत राहिलो. मग मी मऊ ब्रश घेतला, त्याला उचललं, शेजारच्या पहिल्या छोट्या बरणीचं झाकण उघडलं आणि आत सोडलं. माझ्या मनात एवढंच होतं की त्याला बशीपेक्षा बरी जागा मिळावी. आत कोण राहतं याची चौकशी करायचं मला सुचलं नाही. तू परत आलीस, पट्टी पाहिलीस, आत पाहिलंस, आणि ओरडलीस, "दादा! ती राखलेली होती!" मी म्हटलं, मग काय झालं, ओळख तरी होईल. तू बरणी माझ्या नाकासमोर धरलीस आणि म्हणालीस, "ओळख झालीय." तुझी मदतनीस तोंडावर रुमाल धरून दाराबाहेर पळाली.

तू रागावलीस, पण ती बरणी फेकली नाहीस. प्रयोगातून ती बाद झाली, तरी तू तिच्यात मूठभर चवळी टाकलीस, जुनी पट्टी खरवडून काढलीस आणि नवी पट्टी लावून तिच्यावर लिहिलंस 'दादा'. म्हणालीस, "तुझा जावई तूच सांभाळ." मी सांभाळला नाही. दुसऱ्या दिवशी गाडीत बसलो आणि निघून आलो. पण येताना पूर्ण प्रवासभर मी उगाच खूश होतो, आणि का, ते तुझ्या वहिनीने विचारल्यावर मला सांगता आलं नव्हतं. तुझं भाषण वाचल्यावर सांगता येईल असं वाटतं.

ती बशी माझ्या ओळखीची होती. मी तिच्यात बरीच वर्षं काढली आहेत. आई होती तोवर ती आणि तिच्या बहिणी मला कुणाकुणाला भेटवायच्या. सगळ्या भल्या बायका होत्या, कुणीही माझा अपमान केला नाही. एक ग्रंथपाल होती, ती म्हणाली, "तुम्ही बोलता छान, पण मध्येच थांबून माणसाकडे चूक शोधल्यासारखं बघता." एका बँकेतल्या बाईंनी विचारलं होतं, पुढे काय करायचं ठरवलं आहे? मी खरं ते सांगितलं की पुढच्या आठवड्यात खोकल्याचं औषध आहे. त्या हसल्या आणि पुन्हा भेटल्या नाहीत. मग भेटवणाऱ्या मावश्या थकल्या, मग आई गेली, आणि मी चाळिशी ओलांडून पन्नाशीला टेकलो तेव्हा माझ्याबद्दल कुणी काही म्हणेनासंही झालं. मी दुःखी नव्हतो, हे तुला ठाऊक आहे. पाव भाजत होतो, कागद तपासत होतो. मैदानात आपली पाळी येऊन गेली आणि आपल्याला कळली नाही, एवढीच समजूत घालून घेतली होती.

आणि मग माझा चष्मा मोडला. छापखान्यात मालकच त्यावर बसले. मी अर्ध्या आंधळ्या अवस्थेत कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. दुकानातल्या बाईंनी माझे डोळे तपासले, भिंग बदल बदल बदललं, आणि शेवटी म्हणाल्या, "डोळे ठीक आहेत तुमचे. तुम्हीच फार जवळून बघता." मी म्हटलं, धंदाच तसा आहे. त्या म्हणाल्या, "मग संध्याकाळी थोडं लांब बघत जा." मी विचारलं, कुठे? पुढचं तुला माहीत आहे. लग्नाला साक्षीदार लागतात म्हणून तू आणि शिंपीणबाई आल्या होतात, आणि शिंपीणबाई माझ्याहून जास्त रडल्या होत्या. मला कोणत्या अदृश्य ब्रशने उचललं आणि झाकण उघडून आत सोडलं, हे कोडं आहे; पण ज्याने उचललं त्याने आत कोण राहतं याची चौकशी केली नव्हती, हे नक्की. नाहीतर तुझ्या वहिनीच्या नशिबी मी आलो नसतो.

आता तुझ्या भाषणातल्या त्या परिच्छेदाकडे येतो. शेवटून दुसरा. तू लिहिलं आहेस की बाईची बीजं ती जन्मायच्या आधीच तयार होऊन राहतात, पुरुषाची मात्र आयुष्यभर नकलली जातात, नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल. म्हणून बाप जितका वयस्क तितक्या त्याच्याकडून पोराकडे जाणाऱ्या नव्या चुका जास्त. बहुतेकांनी काही बिघडत नाही, असंही तू लगेच पुढे लिहिलंस. पण छापखान्यातल्या माणसाला पहिला अर्धा भाग कुणी समजावून सांगायला नको. मी घरी मोठ्याने वाचत होतो ना, त्या परिच्छेदाशी माझा आवाज बसला. स्क्रू फिरवायचा थांबला. बशीत एक स्क्रू पडला त्याचा आवाज दोघांनीही ऐकला. मग तुझी वहिनी म्हणाली, "पुढे वाचा. घशाला काय झालं? आज कुठल्या रोगाचा कागद होता?"

तर ठमे, तू आत्या होणार आहेस.

तिला पाचवा महिना लागला आहे. ती एक्केचाळिशीची, मी त्रेपन्नचा, दोघांनीही हा विषय कधीच गुंडाळून माळ्यावर टाकला होता. तो आपला आपण खाली उतरला. कुणाला इतक्यात सांगायचं नाही असं तिने बजावलं होतं, म्हणून सुट्टीत तू चार दिवस आमच्यासमोर बसून चहा प्यालीस तरी मी जीभ चावून गप्प राहिलो. चाळणी शोधली तीही, खरं सांगू का, हाताला काहीतरी काम हवं म्हणून. आता तिचीच आज्ञा आहे: "बहिणीला लिहा एकदाचं, नाहीतर तुम्ही मलाही वेड लावाल आणि त्या पावालाही." डॉक्टरीणबाई शांत आहेत. ज्या तपासण्या करायच्या त्या झाल्या, सगळं ठीक आहे म्हणतात. माझं वय ऐकून त्यांनी नुसतं लिहून घेतलं, भुवईसुद्धा उचलली नाही. म्हणाल्या, तुमच्या वयाचे बाप माझ्याकडे पुष्कळ येतात आणि तुमच्यासारखेच चेहरे करून बसतात. मुलगा की मुलगी ते आम्ही विचारलेलं नाही. छोट्या खोलीला मी खिडकीच्या बाजूने रंग दिला आहे, उरलेल्या तीन भिंती व्हायच्या आहेत. संध्याकाळी तुझी वहिनी तिथे खुर्ची टाकून बसते, पाय स्टुलावर, आणि मी कुठे कुठे रंग सोडला ते बसल्या जागेवरून दाखवते. इतकी सुखाची संध्याकाळ मी आयुष्यात पाहिलेली नाही. एक निश्चय केला आहे, तो तुला साक्षी ठेवून लिहितो: जे कुणी येईल त्याला किंवा तिला शिकवीन सगळं, पण उभं करणार नाही. मुलगा असो की मुलगी, मटार सोलायला बसवीन आणि पाठ मीच म्हणेन. चुका कुणी काढायच्या ते मटारवाल्यांनी ठरवावं.

आणि तरी मी हे पत्र चाळणीसाठी लिहिलं नाही, बातमीसाठीही नाही. बातमी फोनवर सांगता आली असती, तुझी किंकाळीही ऐकायला मिळाली असती. मला भीती वाटते. वयाची म्हणावी तर ती थोडीच. भीती ही, की इतकी वर्षं मी बशीत होतो त्याला काही कारण असेल, मला न दिसणारं, कुठल्याही तपासणीत न सापडणारं, आणि माझ्याबरोबर ते निमूट संपलं असतं; आता मी ते या पोराच्या हातात देतो आहे. हे मी तिला बोललो नाही. ती हसेल, आणि मग संध्याकाळी एकटी विचार करत बसेल. म्हणून तुला विचारतो. तू पाठवलेल्या फोटोत, माझ्या चाळणीच्या मागे, कपाटाच्या कडेला एक छोटी बरणी दिसते. दुकानातलं सगळ्यात मोठं भिंग आणून मी तिची पट्टी वाचली. तुझं अक्षर आहे, 'दादा'. आत काहीतरी काळं काळं आहे. ते भुंगे आहेत, की नुसते भोकं पडलेले दाणे, की तू तिच्यात पेनं ठेवतेस, हे भिंगातून कळत नाही. एका बरणीवरून काही सिद्ध होत नाही हे तू सांगशील. मला सिद्ध काहीच करायचं नाही गं. एवढंच कर, ती बरणी उजेडात धर, आणि आत काही हलतंय का ते मला कळव.

तुझाच,
बशीतला
दादा